‘सावध राहा’ बास झाले, सेटिंग सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संगणकावरून झालेल्या फसवणुकीची बातमी कुठेही वाचा, शेवटची ओळ ठरलेली: अनोळखी फाईल उघडू नका, सावध राहा. सल्ला खोटा नाही. पण ज्याचे कामच अनोळखी फाइली उघडण्याचे आहे त्याने काय करायचे? करसल्लागाराचे कार्यालय, टायपिंग-झेरॉक्सचे दुकान, शाळेचा लिपिक, पतसंस्थेचा हिशेबनीस, या सगळ्यांकडे रोज परक्याच फाइली येतात. त्यांना भीती घालून उपयोग नाही. समोरची फाईल खरोखर काय आहे हे पडद्यावर दिसले पाहिजे, आणि नेमके तेच लपवण्याची व्यवस्था विंडोजमध्ये मुळातच करून ठेवलेली असते. अशा सेटिंग्ज बदलायला पैसे पडत नाहीत. त्या नावानिशी मराठीत छापून येत नाहीत, म्हणून हे पत्र.

सुरुवात फाईलच्या नावापासून. नावाच्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरे, म्हणजे एक्स्टेन्शन, फाईलची जात सांगतात. विंडोज ती दाखवत नाही. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ नावाचा प्रोग्राम पडद्यावर ‘बिल.पीडीएफ’ एवढाच दिसतो. प्रोग्रामला हवे ते चित्र लावता येत असल्याने त्यावर पीडीएफचे लाल चित्रही असते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या किड्याने हीच युक्ती वापरली होती: नावात साध्या मजकुराचे टीएक्सटी दिसत होते, त्यामागचे प्रोग्रामचे व्हीबीएस झाकलेले होते. त्याला २५ वर्षे उलटली, मूळ सेटिंग तशीच आहे. विंडोज ११ मध्ये कोणतेही फोल्डर उघडून वर ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करावी. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’च्या पट्टीतच तो चौकोन आहे. यातही एक पळवाट उरते. शॉर्टकटचे एलएनके हे एक्स्टेन्शन ही खूण करूनही दिसत नाही. म्हणून फोल्डर ‘डिटेल्स’ पद्धतीने ठेवून ‘टाइप’चा रकाना पाहायची सवय लावावी. कागदपत्र म्हणून आलेल्या फाईलसमोर तिथे ‘ॲप्लिकेशन’ किंवा ‘शॉर्टकट’ असे असेल तर ते कागदपत्र नव्हे. मराठी टायपिंगवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण जुन्या फॉन्टांतली फाईल आली की फुकट फॉन्टांचा शोध सुरू होतो. फॉन्टची फाईल टीटीएफ किंवा ओटीएफ असते. ‘फॉन्ट’ म्हणून ईएक्सई उतरली तर ती तिथेच पुसावी.

आता मॅक्रो. वर्ड-एक्सेलच्या फाईलमध्ये दडवलेला हा छोटा प्रोग्राम. वर्डमधला पहिला पसरलेला मॅक्रो व्हायरस १९९५ चा, तसाच मेलिसा नावाचा व्हायरस मार्च १९९९ चा, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो मुळातच अडवायचे मायक्रोसॉफ्टने ठरवले ते २०२२ मध्ये. तोवर मॅक्रो चालवायचा की नाही हे बव्हंशी माणसाच्या शहाणपणावर सोडलेले होते, अलीकडच्या आवृत्त्यांत पिवळ्या पट्टीतल्या ‘एनेबल कंटेंट’ या बटणाने. आता नव्या ऑफिसमध्ये अशा फाईलवर लाल पट्टी येते आणि तिच्यावर मॅक्रो चालू करायचे बटणच नसते. जुन्या आवृत्त्यांत मात्र हा अडथळा असेलच असे नाही.

लाल पट्टी कशावरून ठरते, हे समजून घेतले तर पुढच्या सगळ्या गफलती कळतात. ब्राउझरने फाईल उतरवली की विंडोज तिला ‘ही बाहेरून आली’ अशी अदृश्य चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठी फाईलच्या आत नसते, एनटीएफएस या डिस्कव्यवस्थेत फाईलशेजारी असते. नेहमीचे पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट या वेगळ्या डिस्कव्यवस्थांचे. त्यावर कॉपी केली की चिठ्ठी गळून पडते, आणि तीच फाईल दुसऱ्या संगणकावर पिवळी पट्टी आणि बटण घेऊन उघडते. झिप फाईलचेही तसेच. विंडोजच्या स्वतःच्या ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ने सोडवली तर आतल्या प्रत्येक फाईलला चिठ्ठी लागते. झिप सोडवणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये ही सोय २०२२ मध्ये आली, पण ती ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्हन-झिप’ या टॅबमध्ये ‘प्रॉपगेट झोन आयडी स्ट्रीम’समोर ‘येस’ निवडून आपण चालू करायची असते. तेव्हा लाल पट्टी नाही म्हणजे फाईल निर्धोक, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे मॅक्रो चालू करायची सवय लोकांना भामट्यांनी नाही, सरकारी कामाने लावली. प्राप्तिकराच्या विवरणपत्रांच्या एक्सेल युटिलिटी, जीएसटीची एक्सेलमधली ऑफलाइन साधने, ही सगळी मॅक्रोवर चालतात. लाल पट्टी आली की काम अडते, मुदत डोक्यावर असते, आणि मग कुणीतरी एक्सेलच्या ‘ट्रस्ट सेंटर’ या सुरक्षा-सेटिंगमध्ये जाऊन ‘एनेबल ऑल मॅक्रोज’ करून ठेवतो. त्यानेही भागले नाही तर ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये अख्खे डाउनलोड फोल्डर, कधी अख्खा डी ड्राइव्ह घालतो. विवरणपत्र त्या दिवशी भरले जाते, पण दार वर्षभर उघडे राहते. त्या फोल्डरमध्ये पुढे पडणारी प्रत्येक फाईल, कुरिअरची पावती असो की नोकरीचा अर्ज, काहीही न विचारता मॅक्रो चालवते.

योग्य रीत लांबची नाही. झिप फक्त विभागाच्या पोर्टलवरून उतरवावी. पोर्टलचा पत्ता स्वतः टंकावा, मेल किंवा व्हॉट्सॲपमधल्या दुव्यावरून जाऊ नये. सोडवण्याआधी झिपवर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘जनरल’च्या तळाशी ‘अनब्लॉक’वर खूण, ‘ओके’. मग सोडवावी. चिठ्ठी तेवढ्याच फाइलींची निघते. मॅक्रोची सेटिंग ‘डिसेबल विथ नोटिफिकेशन’वरच राहू द्यावी. आणि ज्याने आधी उपद्व्याप करून ठेवला असेल त्याने आजच ‘ट्रस्टेड लोकेशन्स’ची यादी उघडून आपण घातलेली फोल्डरे काढावीत. साधे विवरणपत्र पोर्टलवर थेट ऑनलाइन भरता येते, तिथे एक्सेल लागतच नाही, हेही अनेकांना सांगावे लागते.

अधिकृत सॉफ्टवेअरच विषारी निघाले तर? तसेही झालेले आहे. २७ जून २०१७ च्या नॉटपेट्या या व्हायरसच्या हल्ल्यात विष शिरले ते युक्रेनमधल्या ‘मेडॉक’ या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पुढे ते मर्स्क या जहाजकंपनीच्या संगणक-जाळ्यात गेले आणि आपल्याकडे न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतले त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. अशा वेळी मॅक्रोची सेटिंग कामाची नाही, तिथे तीन कंटाळवाण्या गोष्टी उपयोगी पडतात. एक, अपडेट वेळेवर घेणे. नॉटपेट्याने वापरलेल्या एका भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. दोन, रोजच्या कामाचे खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नव्हे, ‘स्टँडर्ड’ ठेवणे. यासाठी आधी नवे ॲडमिनिस्ट्रेटर खाते काढून त्याला पासवर्ड द्यावा, त्यातून लॉगिन करावे आणि मगच जुने खाते ‘स्टँडर्ड’ करावे. तीन, बॅकअपची डिस्क काम झाले की उपसून ठेवणे. कायम जोडलेल्या डिस्कला खंडणीखोर प्रोग्राम मूळ फाइलींबरोबरच कुलूप घालतो.

सध्या जोरात असलेल्या एका प्रकारात तर फाईलच नसते. एखादे संकेतस्थळ ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणते आणि सांगते: विंडोजचे बटण आणि आर दाबा, कंट्रोल-व्ही दाबा, एंटर दाबा. पानाने तोवर क्लिपबोर्डवर एक लांबलचक आज्ञा ठेवलेली असते. ‘रन’ची खिडकी इतकी अरुंद की आज्ञेचे शेपूटच दिसते, आणि शेपटात ‘मी रोबो नाही’ असे काहीतरी मुद्दाम लिहिलेले असते. आज्ञा तुम्ही स्वतः दिली म्हणून वर सांगितलेले चिठ्ठीचे आणि लाल पट्टीचे अडथळे बाजूला पडतात. कोणताही खरा कॅप्चा, म्हणजे माणूस ओळखायची चाचणी, कीबोर्डवरून ‘रन’ उघडायला सांगत नाही. एवढी एक ओळ जरी ठळक छापलीत तरी बरेच काम होईल.

सुरक्षिततेइतकाच सोयीचा प्रश्न गंभीर आहे, आणि त्यासाठी एक्सेलसारखे उदाहरण नाही. महाराष्ट्रात बसून इंग्रजी आकड्यांत ७/१२ टंकले की एक्सेल त्याची तारीख करते. संगणकाची प्रादेशिक सेटिंग भारताची असेल तर ७ डिसेंबर, अमेरिकेची असेल तर १२ जुलै. हिस्सा क्रमांक १२/३ चा १२ मार्च होतो. चूक लक्षात आल्यावर लोक रकाना ‘टेक्स्ट’ करतात, तेव्हा २०२५ मध्ये टंकलेल्या ७/१२ च्या जागी ४५९९८ उमटते, कारण एक्सेलने मूळ अक्षरे ठेवलेलीच नसतात, दिवसांची मोजणी ठेवलेली असते. बारा अंकी आधार क्रमांक अरुंद, घातांकी रूपात (१.२३ई+११ असा) दिसतो, आणि तशा अवस्थेत फाईल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, म्हणून साठवली की दिसते तेवढेच साठते, बाकीचे अंक गेले. सोळा अंकी खातेक्रमांकाचा शेवटचा अंक तर टंकताक्षणी शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपुढचे जपत नाही. लाभार्थ्यांच्या यादीत असा एक शून्य म्हणजे एकाचे पैसे परत जाणे किंवा दुसऱ्याच्या खात्यात पडणे. जनुकांच्या नावांच्या तारखा होतात म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी शेवटी जनुकांचीच नावे बदलली. आपल्याला सातबाऱ्याचे नाव बदलता येणार नाही.

उपाय टंकण्याआधीच करायचा असतो: रकाना निवडून आधी ‘टेक्स्ट’ करा, किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये २०२३ पासून ‘फाईल’, ‘ऑप्शन्स’, ‘डेटा’ इथे ‘ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन’ नावाचा भाग आहे. तिथल्या खुणा काढल्या की आकड्याच्या सुरुवातीचे शून्य खाणे आणि लांब आकडे घातांकी करणे थांबते. अक्षर-आकड्यांच्या जोडीची तारीख करणेही थांबते, पण ७/१२ साठी ‘टेक्स्ट’ रकानाच खात्रीचा. सीएसव्ही फाईल डबल-क्लिकने कधीच उघडू नये. ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने घ्यावी, ‘फाईल ओरिजिन’मध्ये ६५००१ क्रमांकाचे युनिकोड निवडावे आणि शेजारी ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’. एकाच खिडकीत दोन दुखणी जातात: मराठी नावांची गिचमिड होत नाही आणि आकडेही जागेवर राहतात. जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळींपुढचे काहीच मावत नाही, हे इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेला ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे न गेल्यावर कळले.

एक्सेलमधली ‘प्रोटेक्ट शीट’ आणि ‘हाइड’ ही कुलपे नव्हेत, पडदे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकारातल्या उत्तरासोबत दिलेल्या एक्सेलमध्ये एक लपवलेले पान राहून गेले आणि सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची माहिती जगजाहीर झाली. आपल्याकडेही माहिती अधिकाराची उत्तरे एक्सेलमध्ये जातात. पाठवण्याआधी ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ करावे. फाईल खरोखर बंद ठेवायची तर ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही. घरगुती संगणकासाठी वाढीव सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसेही पडत नाहीत. ‘हा संगणक विंडोज ११ ला चालत नाही’ असे कुणी सांगितले तर नवा घेण्याआधी एक पाहावे: विंडोज ११ ला लागणारा टीपीएम हा सुरक्षेचा भाग अनेकदा असतो, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर त्याचे नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा आधीचा असेल तर मात्र सहसा इलाज नाही. तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस हे मोफत पर्याय उत्तम चालतात, पण करांच्या एक्सेल युटिलिटी त्यावर चालतील या भरवशावर राहू नये.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी एकच. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की बहुतेक नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केले की बऱ्याचदा निळा पडदा ४८ अंकी किल्ली मागतो, आणि किल्ली ज्या खात्यात आहे ते दुकानदाराने कुठल्या ईमेलने काढले होते हेच कुणाला आठवत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज यंत्रे पडली, तेव्हा दुरुस्तीत अनेक कार्यालयांचा वेळ याच किल्ल्या शोधण्यात गेला. दुरुस्तीला टाकण्याआधी किल्ली खात्यातून पाहून कागदावर उतरवावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

विवरणपत्रांचा हंगाम दरवर्षी येतो. त्याआधी करविभागांनी एवढे करावे: मॅक्रो असलेल्या प्रत्येक युटिलिटीवर विभागाची डिजिटल सही असावी, ती कशी तपासायची आणि ‘अनब्लॉक’ नेमके कुठे करायचे हे डाउनलोडच्या बटणाशेजारीच मराठीत लिहावे, आणि ‘मॅक्रो चालू करा’ एवढीच सूचना जिथे असेल तिथून ती काढावी.

आपला,
संगणक देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक, सातारा