यकृत निरोगी असले तरी

महोदय,

शौचावाटे रक्त जाण्याविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. मूळव्याधीची माहिती त्यात नेटकी दिली आहे. मात्र मोठ्या आतड्यातील फुगलेल्या शिरांचा उल्लेख ‘सिरोसिसचा परिणाम’ एवढ्यावरच आटोपला, हे पोटविकारांचा डॉक्टर म्हणून मला खटकले. सिरोसिस हे या दुर्मीळ विकाराचे नेहमीचे कारण आहे, यात वाद नाही. सिरोसिसमध्ये यकृत कठीण झाले की आतड्यांतून त्याच्याकडे येणारे रक्त तुंबते, ते आणणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढतो आणि रक्त आडवाटेच्या बारीक शिरांतून मार्ग काढू लागते. पण यकृताच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या म्हणून शोध तिथेच थांबवला, तर रुग्णाचे नुकसान होते.

स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्या रुग्णात शेजारच्या प्लीहेच्या किंवा आतड्याच्या शिरेत गुठळी धरलेली असू शकते. कधी स्वादुपिंडातील गाठच शिरेवर दाब देते. हृदयाभोवतीचे आवरण जाड आणि ताठर झाले, तर हृदयाकडे परतणारे रक्त मागे साचून त्याचा ताण थेट आतड्यापर्यंत पोहोचतो, हे तर पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. काही कुटुंबांत एकाहून अधिक जणांच्या आतड्यात अशा शिरा आढळतात आणि दुसरे कोणतेही कारण सापडत नाही. अशा वेळी भावंडांची चौकशी आवर्जून करावी लागते.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठे आतडे दुर्बिणीने आतून पाहण्याच्या तपासणीच्या, पडद्यावर या शिरा निळसर, नागमोडी उंचवट्यांसारख्या दिसतात. आतड्यात हवा जास्त भरली की त्या चपट्या होऊन नजरेतून सुटतात. उलट एखादा फुगवटा आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या कोंबासारखा वाटून तपासणीसाठी त्याचा तुकडा घेतला, तर जिवावर बेतेल असा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून शंका येताच तुकडा घेण्याचा चिमटा बाजूला ठेवून शिरांचे चित्र स्पष्ट दाखवणारा सीटी स्कॅन करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

कारणानुसार उपचारही पार बदलतो. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारे औषध, तेही रक्तस्राव चालू असताना द्यायचे की नाही, याचा कठीण निर्णय घ्यावा लागतो. हृदयाचे आवरण आवळले असेल, तर आतड्याला हात न लावता छातीची शस्त्रक्रिया करावी लागते. पुरवणीच्या पुढील अंकात या कारणांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक डॉक्टर वाचक