समाजमंदिराची चावी द्या, पोट्टे मी सांभाळतो

संपादक साहेब, नमस्कार

धान निघालं, दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. मी पेंटर आहे, चाळीस वर्षं नाटकाचे पडदे, दुकानाच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती रंगवल्या. आधी गावात ज्या पोट्ट्याचं शाळेत मन लागत नसे त्याचा बाप त्याला माझ्यासारख्याकडे आणून सोडायचा, "याले काही शिकवा बाप्पा" म्हणून. तो आधी ब्रश धुवायचा, मग सुतळीने रेषा मारायचा, वर्षभराने अक्षरं काढायला लागायचा. त्याला कोणी आर्ट क्लास म्हणत नव्हतं पण होता तो क्लासच. फ्लेक्स आले अन् आमचं काम गेलं, ते जाऊ द्या, पण पोट्ट्यांची बसायची जागा गेली याचं मला जास्त वाईट वाटते.

आता तेच पोट्टे संध्याकाळी पानठेल्यावर असतात. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे पण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, पन्नीत घोटून हातोहात मिळते, सहावी-सातवीतली पोरं पण खाऊन राहिली. मग दारू, मोबाईलवरचा जुगार, उधारी. लोक सरळ "वाया गेला" म्हणून मोकळे होतात. सतरा वर्षाचं पोरगं वाया कसं जाते हो?

मागच्या पोळ्याच्या आधी पंधरा दिवस मी पाच जणांना माझ्या पडवीत बसवलं, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायला. त्यातला एक, बाप नाही, नववीत शाळा सुटलेली, पहिल्या दिवशी नुसता पाहत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने बैलाचा डोळा तीनदा पुसला, तीनदा काढला, मी काही बोललो नाही. चौथ्यांदा असा जमला की बाकीचे आपापले बैल घेऊन त्याच्याकडे आले, डोळे तूच काढ म्हणे. रात्री दहा वाजले तेव्हा माझ्या लक्षात आलं की सातपासून त्याने खर्रा खाल्ला नाही, हात रंगात होते तर घोटणार कसा. सकाळी परत खाल्लाच, सुटला वगैरे नाही. पण पंधरा दिवस रोज तो यायचा, सांगितल्याशिवाय. पोळा झाला, बसणं बंद झालं अन् महिनाभरात तो परत ठेल्यावर. ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सांगतो, २६ जानेवारीची चित्रकला स्पर्धा अन् सर्टिफिकेट याने काही होत नाही. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा आहेत, चांगल्या आहेत, दहावीला वाढीव मार्क पण मिळतात, पण ज्याची शाळाच सुटली त्याने ते मार्क कुठं लावायचे? त्याला पाहिजे ठरलेली जागा, ठरलेली वेळ अन् रोज तोच माणूस. नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवला. आमच्याकडे ब्रश आहे, ढोलकी आहे, दंडार म्हणजे आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य आहे, म्हातारे कलाकार घरी रिकामे बसून आहेत. पोरींना अंधार पडल्यावर कोणी पाठवणार नाही, त्यांची बैठक दुपारची ठेवा, नाहीतर हे फक्त पोट्ट्यांचंच होऊन बसेल.

आमच्या गावात समाजमंदिर आहे, पक्कं, लाईट-पंखे आहेत, अन् लग्न-तेरवी सोडली तर कुलूप. ग्रामसभेत दोनदा विषय काढला, "पाहू" म्हणाले. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत परत काढणार आहे. पगार मागत नाही, सोमवार, बुधवार, शुक्रवार सात ते दहा मी स्वतः बसतो. गेरू, चुना, काजळी माझी, जुने ब्रश आहेत, पडद्याचं कापड पण आहे. तुमच्या पेपरात छापून आलं तर चावी लवकर मिळेल, अन् आसपासच्या गावातला कोणी पेंटर, कोणी ढोलकीवाला हे वाचत असेल तर त्यानेही आपल्या गावात चावी मागावी.

आपला,
एक पेंटर, चंद्रपूर जिल्हा