बदलीला नकार हा हट्ट कसा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर परवा अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीची बातमी होती. दुसऱ्या संघात जायला तयार नसलेला खेळाडू 'अडून बसला' असं तिच्यात लिहिलं होतं. तो शब्द मला फार लागला, म्हणून हे पत्र.

माझी लेक टोरांटोला असते. तिच्याकडे सहा महिने राहिले, तेव्हा जावयांबरोबर हा खेळ बघायची सवय लागली. आता सोलापुरात पहाटे पाचला चहा ठेवून मोबाइलवर बघते. एनएचएल या तिथल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये क्लब खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहराला देऊन टाकू शकतो. मुलांची शाळा, घर, सगळं तसंच टाकून निघायचं. हे थांबवणारं 'नो-ट्रेड' कलम त्याला करारात मिळू शकतं, पण साधारण वयाच्या २७व्या वर्षी, नाहीतर ७ हंगाम खेळल्यावर. पुष्कळदा त्यासाठी पैशावर पाणी सोडावं लागतं. काहींचं कलम पूर्ण असतं, काहींना फक्त नकोशा क्लबांची यादी देता येते. 'नो-मूव्हमेंट' असेल तर खालच्या लीगमध्येही धाडता येत नाही. आणि कलम लागू व्हायच्या आधी क्लब मोकळाच असतो. माँट्रियलच्या क्लबने पी. के. सुबन या खेळाडूला २९ जून २०१६ला नॅशव्हिलला दिलं; त्याचं कलम १ जुलैपासून लागू होणार होतं. दोन दिवस!

मी बँकेत होते. २००१ साली पसंतीची तीन ठिकाणं लिहून मागितली, मी पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट लिहिली. लेक दहावीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जूनमध्ये आदेश आला भंडाऱ्याचा. साहेब म्हणाले, तुमचा फॉर्म फायलीत दिसत नाही. माझ्याजवळ कार्बन कॉपी होती, तिच्यावर आवक विभागाचा जांभळा शिक्का होता. तो मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. "आधी रुजू व्हा, मग अर्ज करा." दोन वर्षं मी तिथे एका खोलीत काढली. लेकीचा दहावीचा निकाल एसटीडी बूथवर उभी राहून ऐकला.

त्यामुळे येवगेनी दादोनोव या हॉकीपटूची हकीकत ऐकली तेव्हा मला भरून आलं. २१ मार्च २०२२ला व्हेगसच्या क्लबने त्याला अ‍ॅनाहाइमला दिलं. त्याच्या दहा नकोशा क्लबांच्या यादीत अ‍ॅनाहाइमचं नाव होतं. दोनच दिवसांत लीगने अख्खा व्यवहार रद्द केला. त्याच्या कागदाला किंमत होती.

टोरांटोचा कर्णधार मॅट्स सुंदिन याने फेब्रुवारी २००८मध्ये आपल्या कलमाच्या जोरावर दुसऱ्या क्लबात जायला नकार दिला. हंगाम अर्ध्यात सोडून जाणं त्याला पटत नव्हतं. त्याच्या बदल्यात क्लबला तरुण खेळाडू मिळाले असते, क्लबचं नुकसान झालं, असं जावई आजही म्हणतात. झालं असेल. पण ते कलम क्लबनेच सही करून दिलं होतं ना?

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे, अशी बातमी देताना कलम पूर्ण होतं की यादीचं, एवढं एका ओळीत लिहा. आणि 'अडून बसला' ऐवजी 'संमती दिली नाही' असं छापा.

एक निवृत्त बँक अधिकारी,
विजापूर रोड, सोलापूर