जामिनाचे पैसे आणि जामिनाचे कागद

ती. आई-बाबांना, सा. न.

नाशिकरोड कारागृहातल्या गरीब कच्च्या (खटला अजून न संपलेल्या) कैद्यांसाठी ५ लाख रुपये द्यायचं तुम्ही ठरवलंत, फार बरं वाटलं. फक्त ते सगळे जामिनाच्या रकमेत घालू नका.

कोर्टाने जामीन दिल्यावरही माणूस आत राहतो, तो पुष्कळदा कागदांपायी. जामीनदाराकडे साधारणपणे सातबारा किंवा घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड आणि कधी तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. सुरगाण्याहून मजुरी बुडवून आलेला भाऊ एका कागदासाठी परत जातो आणि पुन्हा त्याला यायला जमत नाही.

रकमेसाठी सरकारी वाट आहे. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत जामिनासाठी ४०,००० आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की जामिनानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. महिनाभरात हमी भरली गेली नाही, तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहूनही करू शकतं. पण हे सगळं हलतं ते कुणीतरी कैद्याच्या घरी जाऊन चौकशी केली, अहवाल लिहिला, अर्ज पुढे नेला तरच. ‘टिस’ म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, तिचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत असंच काम करतो. म्हणून ३ लाख असं काम करणाऱ्या संस्थेला, तिच्या कार्यकर्त्याच्या पगाराला आणि प्रवासाला द्या, तीन वर्षांत विभागून. एका वर्षाच्या पैशावर चांगला माणूस टिकत नाही. आई, ब्लँकेटवाटपाला देणगीदार मिळतात, पगाराला कुणी देत नाही.

१ लाख तरुण वकिलांच्या प्रशिक्षणाला. सभागृह आणि सन्मानचिन्हं नकोत. खऱ्या रिमांडच्या (कोठडीच्या आदेशाच्या) कागदांवर सराव हवा. ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत, चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्क होतो. दिवस पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायचे, अटकेच्या नव्हे. अर्ज चार्जशीटच्या आधी पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला की हक्क गेला. तसंच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम ४७९: पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मा काळ आत गेल्यावर सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर तिथेच अडतं. वकिलाने सगळ्या केसेसची यादी आधी काढायला हवी.

उरलेला १ लाख रोख जामिनासाठी, फिरता निधी म्हणून. खटला संपल्यावर रक्कम परत मिळते, पण पावती संस्थेच्या प्रतिनिधीच्या नावाने हवी आणि जपून ठेवायला हवी. आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम जप्त होऊ शकते. बाबा, भरीला पडून स्वतः जामीनदार मात्र राहू नका. आरोपी फरार झाला तर वसुली तुमच्याकडून होईल.

संस्थेकडून ‘किती कैद्यांना भेटलो’ हा आकडा मागू नका. आदेशापासून सुटकेपर्यंत किती दिवस लागले आणि सुटलेले तारखांना येतात का, हे दर तिमाहीला मागा. पैसे चेकने द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

करारपत्राचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. जप्त झालेली रक्कम कुणाच्या खात्यातून वजा होणार, हे त्यात लिहिलेलं हवं.

तुमची लेक