जुने दिवाळी अंक रद्दीत घालू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोष्टी वाचणं म्हणजे पळपुटेपणा, त्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं वाचावं असं हल्ली बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. एकदा मशीनला लावलं की साधारण चार तास, आणि बाहेर बसलेल्या माणसाला तेवढा वेळ करण्यासारखं काहीच नसतं, आत बीपी लो होईल का, पायात गोळे येतील का, सिस्टर आपल्यालाच हाक मारतेय का, सगळं लक्ष त्या दाराकडे. मोबाईल काढला तर आणखीनच वाईट, कारण मग आपण रक्ताच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन नाहीतर पोटॅशियम सर्च करत बसतो आणि नको नको ते वाचून हातपाय गार पडतात, वर कुणीतरी किडनी बरी करणाऱ्या काढ्याचा फॉरवर्ड पाठवतं ते वेगळंच.

आमच्याकडे वेटिंगमधल्या खिडकीत कुणीतरी जुने दिवाळी अंक आणून ठेवलेत. कव्हरं गेलेली, शब्दकोडी अर्धवट सोडवलेली. मागे त्यातली एक कथा मी शेजारच्या मावशींना वाचून दाखवत होते, त्यांचा पंचविशीतला मुलगा आत असतो आणि त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. माहेरच्या घरावरून अबोला धरलेल्या दोन बहिणींची गोष्ट, ऐन रंगात आली आणि शेवटचं पानच फाटलेलं! मग धाकटी घराच्या कागदांवर सही करते की नाही यावर आमचा वाद सुरू झाला, त्यात समोर बसलेले एसटीतून रिटायर झालेले काका पण पडले, ते म्हणे व्यवहार बघून करणारच सही, मावशी म्हणाल्या शक्यच नाही, आईने लावलेली तुळस आहे ना दारात. सिस्टर येऊन मुलाचं झालं म्हणाली तरी मावशींचं बोलणं चालूच होतं. त्या बाईंना इतकं बोलताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आता याला पळपुटेपणा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आम्ही पळून जाणार कुठे, घरी गेल्यावर पाणी मापूनच द्यायचंय, भाज्या उकळून ते पाणी टाकूनच द्यायचंय, पण मधले दोन तास दुसऱ्या कुणाच्या तरी घरात काढून आलं की तेच सगळं चिडचिड न होता होतं हे मी रोज बघतेय.

१९०९ साली का. र. मित्रांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे दर दिवाळीला एवढ्या कथा छापून येतात, आणि वर्षभरात ते अंक किलोवर रद्दीत जातात. माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे की ते जवळच्या डायलिसिस सेंटरला, कॅन्सर वॉर्डाच्या वेटिंगला विचारून नेऊन द्या. कथा असलेले द्या, राशिभविष्यवाले नकोत, तिथे बसलेल्यांना पुढच्या वर्षाचं काही वाचायचं नसतं.

आणि तुम्हालाही एक विनंती, रविवारच्या पुरवणीत पूर्वी पानभर कथा यायची ती परत सुरू करा, जरा मोठ्या टाइपात.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली