तिकिटावरची वेळ आणि जर्मनीतले राजवाडे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्या जवळ आल्या आणि जर्मनीचा विषय निघाला की पर्यटन पुरवण्यांत नॉयश्वानस्टाइन राजवाड्याचे छायाचित्र हमखास झळकते. मुलाबाळांसह तिथे जाणाऱ्याला खरी गरज असते ती वेळेच्या हिशेबाची. तो मात्र सहसा छापलेला नसतो.

या राजवाड्यात मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही. तिकिटावर प्रवेशाची नेमकी वेळ असते आणि ती टळली की तिकीट बाद. म्हणून हिशेब त्या वेळेपासून उलटा मांडावा. म्युनिकहून फ्यूसेनपर्यंत रेल्वेने सुमारे २ तास, तिथून होहेनश्वांगाऊ गावापर्यंत बसने १० मिनिटे आणि गावातून वर दीड किलोमीटरची चढण. धडधाकट माणसाला ३० ते ४० मिनिटे पुरतात. लहान मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर तासभर हाताशी ठेवावा. बायर्न-तिकीट हे पाच जणांपर्यंत चालणारे दिवसभराचे रेल्वे तिकीट कुटुंबाला स्वस्त पडते, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होते आणि वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. त्यावर निघून साडेअकराचा प्रवेश घेतला तर तो हुकणारच. दुपारी दोनच्या आसपासची वेळ घ्यावी.

चढण टाळायला बस आणि घोडागाडी आहे, पण घोळ होतो तो इथेच. बस राजवाड्याच्या दारात जात नाही. वरच्या अंगाला, मारिएनब्रुके पुलाजवळ सोडते. तिथून १०-१५ मिनिटे उतरत यावे लागते. रस्त्यावर बर्फ असला की ती बंदच. घोडागाडीही अलीकडेच थांबते, शेवटचा चढ पायीच. गर्दीच्या दिवसांत दोन्हींसाठी रांग असते, आणि त्या रांगेत गेलेला वेळ दारावरचा माणूस धरत नाही. प्रसिद्ध छायाचित्र याच पुलावरून निघते. वेळ कमी असेल तर आधी राजवाडा, मग पूल.

१८ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांच्याही नावाचे तिकीट आरक्षणात घ्यावे लागते. हे राहून गेले तर आई-वडील आत आणि मूल बाहेर! बाबागाडी व मोठ्या पाठपिशव्या आत चालत नाहीत, तेव्हा तान्ह्या बाळासाठी झोळी न्यावी. आत चढ-उतार धरून तीनशेवर पायऱ्या आहेत आणि छायाचित्रे काढायला बंदी आहे.

एवढी धावपळ करून आतला फेरा असतो जेमतेम अर्ध्या तासाचा. १८६९ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८८६ मध्ये तो बांधून घेणारा बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग वारला तेव्हा अपुरेच होते. सिंहासनाच्या भव्य दालनात सिंहासनच नाही.

थाटमाटच पाहायचा असेल तर त्याच राजाचा लिंडरहोफ गाठावा. वास्तू लहान, पण पुरी झालेली आणि सोन्याने मढलेली. जेवणाचे टेबल खालच्या मजल्यावर उतरवून, तिथे ताटे मांडून पुन्हा वर चढवण्याची सोय राजाने करून घेतली होती, म्हणजे नोकरांची तोंडे दिसायला नकोत. मुलांना आरसेमहालापेक्षा हे टेबलच जास्त आवडते. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याची नक्कल असलेला त्याचाच हेरेनकीमझे कीमझे सरोवरातल्या बेटावर आहे. काठावरच्या प्रीनहून बोटीची १५ मिनिटे धरली तरी धक्क्यापासून २० मिनिटांची चाल विसरू नये.

आमच्या मते मात्र सर्वांत मोठा ठेवा वुर्झबुर्गच्या रेसिडेन्झ राजवाड्यात आहे. वास्तुकार बाल्थाझार नॉयमानने जिन्यावर खांबांचा आधार न घेता प्रचंड घुमटाकार छत टाकले आणि त्यावर इटालियन चित्रकार तिएपोलोने १७५२-५३ मध्ये सुमारे ६०० चौरस मीटरचे चित्र रंगवले. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळाला, छत टिकले. फ्रँकफर्टहून वेगवान रेल्वेने हे शहर सव्वा तासावर आहे आणि इथे डोंगर चढायचा नाही.

शेवटचे, साप्ताहिक सुटीचे. बर्लिनजवळच्या पोट्सडामचा सांसूसी राजवाडा सोमवारी बंद असतो आणि त्याच बागेतला नवा राजवाडा मंगळवारी. सोमवारी सांसूसीला गेल्यास बाग आणि बटाट्याच्या लागवडीचा प्रसार करणाऱ्या फ्रेडरिक राजाच्या थडग्यावर लोकांनी ठेवलेले बटाटे तेवढे पाहून परतावे लागेल.

आपले,
पर्यटन पुरवणीचे नियमित वाचक