आधी काटा, मग वाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियात गाडीला कॅम्पर ट्रेलर (घडीचा तंबू बसवलेला ट्रेलर) जोडून एकट्याने लांबचा प्रवास करण्यावर लेख आला होता. सामानाची यादी भरगच्च होती, पण वजनाचा उल्लेख एकदाही नव्हता. इकडे शिकायला-नोकरीला आलेली मराठी मुलं-मुली भाड्याचा किंवा जुना घेतलेला ट्रेलर जोडून ॲडलेडहून पर्थची वाट धरतात आणि त्यांचे आईवडील पुण्या-नाशकात बसून असे लेख वाचतात, म्हणून हे पत्र.

वाट म्हणजे नलारबोरच्या माळावरून जाणारा एअर हायवे. पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन सुमारे 1,660 किलोमीटर, 1976 पासून पूर्ण डांबरी. रस्ता अवघड नाही. सेडूना सोडलं की नॉर्समनपर्यंत जवळपास 1,200 किलोमीटर मोठं गाव नाही, ही खरी अडचण. मध्ये रोडहाउस लागतात, तिथे इंधन, जेवण आणि मुक्कामाची सोय होते. मेकॅनिक आणि सुटे भाग मिळतीलच असं धरून चालू नये.

पहिली गोष्ट वजनाची. ट्रेलरच्या पाटीवर ‘टेअर’ आणि ‘एटीएम’ असे दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. हे एटीएम पैशांचं नव्हे. भरलेल्या ट्रेलरचं कमाल वजन. समजा टेअर 1,150 किलो आणि एटीएम 1,600. म्हणजे सामानाला 450 किलो. 100 लिटर पाण्याचे 100, भरलेल्या फ्रीजचे 50, दोन लिथियम बॅटऱ्यांचे 25, डिझेलच्या दोन कॅनचे 42, दुसऱ्या स्टेपनीचे 25, तंबूच्या जोडछपराचे 40, स्वयंपाकघर आणि शिध्याचे 60, हत्यारांचे 30. झाले 372. उरलेल्या 78 किलोत कपडे, खुर्ची, अंथरूण आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेलं सगळं.

हा हिशेब कागदावर जमला तरी काट्यावर जावंच लागतं. आपल्याकडे उसाची ट्रॉली काट्यावर चढते तसंच, फक्त तीन वेळा. आधी ट्रेलर जोडलेलाच ठेवून गाडी आणि ट्रेलर एकत्र, हे एकूण वजन. मग ट्रेलरची चाकं तेवढी काट्यावर. शेवटी ट्रेलर सोडून, जॉकी व्हीलसकट (नाकाखालच्या छोट्या टेकूच्या चाकासकट) तो एकटा. तिसऱ्यातून दुसरं वजा केलं की बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर अडकतो त्यावर, किती भार येतो ते कळतं. ट्रेलर 1,580 आणि चाकांवर 1,430 भरला, तर बॉलवर 150. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के हवेत, म्हणजे हे ठीक. मात्र हे 150 किलो गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेतून जातात, हे बहुतेक जण विसरतात.

दहा टक्के का, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. गाडी उलाळ झाली की जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, धुरजड झाली की बैल दबतात. ट्रेलर किंचित धुरजडच हवा. मागे जड झाला की ताशी 90च्या पुढे, एखादा रोड ट्रेन (मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) समोरून गेला की, तो शेपटी हलवायला लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने सावरायलाही जायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, चाक सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरचं बटण हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. म्हणून ते बटण हाताशी आहे ना, न बघता बोट तिथे जातं ना, हे घरासमोरच तपासावं. पाण्याची टाकी आसाच्या पुढे की मागे, तेही पाहून ठेवावं. पुढे असेल तर पाणी संपत जाईल तसं नाक हलकं होतं आणि सकाळी नीट चाललेला ट्रेलर तिसऱ्या दिवशी डोलतो. दोष वाऱ्याला दिला जातो.

दुसरी गोष्ट चाकाच्या बेअरिंगची. इकडे ट्रेलर रस्त्याकडेला उभे दिसतात ते बऱ्याचदा इंजिनामुळे नव्हे, बेअरिंगमुळे. महिनोन्‌महिने अंगणात उभ्या राहिलेल्या ट्रेलरच्या ग्रीसमध्ये दमट हवा शिरते, गंज धरतो, आणि एकदम दिवसाला 700 किलोमीटर धावल्यावर बेअरिंग जळतं. दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा ग्रीस बदलावं. प्रवासात सोबत एक पूर्ण संच हवा: आतलं आणि बाहेरचं बेअरिंग, सील, स्प्लिट पिन, ग्रीसचा डबा. इकडे दोन मापं सर्रास असतात, ‘होल्डन’ आणि ‘फोर्ड’ नावाने ओळखली जाणारी. आपल्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) कोणतं आहे ते खोलूनच बघावं, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

बसवताना ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने रोलरमधून ग्रीस वर येईपर्यंत. नुसतं बाहेरून माखलेलं उपयोगाचं नाही. मग हब फिरवत-फिरवत नट घट्ट करायचा, पुन्हा सैल करून पिनचं भोक जुळेल इतका मागे आणायचा आणि नवी पिन घालायची. जुनी पिन सरळ करून वापरू नये. किंचित हालचाल राहायला हवी. गच्च आवळलेलं बेअरिंग तापूनच जातं.

दर थांब्यावर हाताची मागची बाजू हबजवळ नेऊन बघावी. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, किंवा एकच हब बाकीच्यांपेक्षा गरम असेल, तर एक तर बेअरिंग गेलंय किंवा ब्रेक घासतोय. घासण्याचं सर्वांत साधं कारण हँडब्रेक सोडायचा राहिला, हेच असतं. एकट्याच्या प्रवासात ‘सोडलास का रे?’ विचारणारं कोणी नसतं. म्हणून जोडण्याचा क्रम कधी बदलू नये: चाकांना ओट (सरकू नयेत म्हणून लावायचे ठोकळे), कपलर बॉलवर उतरवून कुलूप, साखळ्या फुलीत, दिव्यांचा प्लग, चार्जिंगचा अँडरसन प्लग, जॉकी व्हील वर, ओट काढणं, शेवटी हँडब्रेक. मध्ये कोणी बोलायला आलं, तर परत पहिल्यापासून. ब्रेकचे दिवे एकट्याने बघायला सीट आणि पेडल यांच्यात एक काठी अडकवायची आणि मागे जाऊन बघायचं.

टायरवरच्या चार आकड्यांतून वय कळतं: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांनी बदलावेत. चाक काढून बसवलं असेल, तर 50 ते 100 किलोमीटरवर नट पुन्हा आवळावेत.

विजेबद्दल लेखात ‘मोठी बॅटरी घ्या’ एवढंच होतं. 12 व्होल्टचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला 30 ते 45 अँपिअर-तास खातो. 100चा लिथियम संच दोन दिवस निभावतो; पुढे सौर पॅनल किंवा चालू गाडी. इथे चूक होते ती वायरीत. इंजिनापासून ट्रेलरपर्यंतच्या लांब, बारीक वायरीत व्होल्टेज गळतं आणि आठ तास गाडी चालवूनही बॅटरी अर्धीच राहते. जाड वायर घ्यावी, डीसी-डीसी चार्जर (गळलेलं व्होल्टेज पुन्हा वाढवून बॅटरी भरणारा) ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवावा आणि वायरीच्या दोन्ही टोकांना फ्यूज घालावेत. तंबू नवा असेल तर निघण्याआधी दोन-तीन वेळा पाण्याने भिजवून पूर्ण वाळवावा. धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. न भिजवलेला तंबू पहिल्याच पावसात गळतो आणि बिचाऱ्या कंपनीला शिव्या बसतात. गॅसची शेगडी मात्र तंबूच्या आत कधीच पेटवू नये, कितीही थंडी असो.

इंधनाचा हिशेब घरच्या सरासरीवर करू नये. 100 किलोमीटरला 11 लिटर घेणारी गाडी ट्रेलर ओढताना सहज 16 घेते, समोरून वारा लागला तर आणखी. 70 लिटरच्या टाकीवर मग जेमतेम 430 किलोमीटर. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गाडी चालवूच नये, कांगारू बहुतेक तेव्हाच रस्त्यावर येतात. आडवा आला तर ब्रेक मारावा, पण ट्रेलर मागे असताना वळण घेऊ नये.

मोबाइल रोडहाउसच्या आसपास लागतो, मधल्या पट्ट्यात नाही. सीबी रेडिओवर (गाडीतल्या वॉकीटॉकीवर) ट्रकवाले 40 नंबरच्या चॅनलवर असतात, कॅरव्हॅनवाले 18 वर. आणीबाणीसाठी 5. याशिवाय 406 मेगाहर्ट्‌झचा पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं खिशात मावणारं यंत्र) घ्यावा. त्याची सरकारी नोंदणी मोफत होते. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात नव्हे, खिशात हवा. नोंदणीत संपर्क म्हणून ऑस्ट्रेलियातच असलेल्या आणि फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव द्यावं. पुण्याच्या आईचं देऊ नये. आईला मुक्कामी पोचल्यावर निरोप द्यावा, आणि वेळ ठरवताना वाटेतल्या, राज्याच्या सीमेजवळच्या यूक्लाच्या आसपासचं घड्याळ भारतापेक्षा सव्वातीन तास पुढे असतं हे ध्यानात ठेवावं. कोणत्याच राज्याच्या वेळेशी ते जुळत नाही.

शिध्याबद्दल एक. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवर तपासणी होते. ताजी फळं-भाज्या, मध, रोपं पुढे जाऊ देत नाहीत. कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबं, कांदे-बटाटेही गेले. शिजवलेली भाजी चालते. त्यामुळे आदल्या मुक्कामी उरलेल्या सगळ्याची भाजी करून फ्रीजमध्ये ठेवावी. उलट्या दिशेने येताना हीच तपासणी सेडूनाला होते.

लेखातल्या यादीत ‘जॅक: गाडीसोबत आलेला’ असं छापलंय, तेवढं कृपया दुरुस्त करावं. गाडीचा जॅक ट्रेलरच्या चेसिसखाली बऱ्याचदा पुरेसा उचलत नाही, वाळूत खाली रुततो, आणि गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसेलच असं नाही. वेगळा बॉटल जॅक, त्याखाली ठेवायला जाड फळी आणि नटांच्या मापाचा पाना, असं तिथे हवं.

आपला,
एक वाचक, ॲडलेड